एकशे चार ते ब्याण्णव

शुक्रवारी सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी वर्तमानपत्र दाराखालून आत सरकलं. नवव्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात ‘ओला भार’ या रॉक बँडच्या दुसऱ्या अल्बमचं, ‘निथळ’चं, परीक्षण होतं. मजकूर तीनशे शब्दांचा. त्यातले तीसेक शब्द ड्रम वाजवणाऱ्या बाईबद्दल होते.

ती बाई तेव्हा खुर्चीवर बसून बुटाची नाडी बांधत होती. सातला कामावर हजर व्हायचं होतं. आईनं चष्मा लावला आणि बातमी वाचावी तसं मोठ्यानं वाचलं:

“‘पहिल्या गाण्यात घोड्यावर निघालेली लय सातव्या गाण्यात गाढवावरून उतरते. ड्रम वाजवणाऱ्या बाई मध्येच दमल्या, की त्यांना कंटाळा आला, हे ज्याचं त्यानं ठरवावं. इतक्या धाडसी संगीताखालचा पायाच खचत जावा, ही खेदाची गोष्ट आहे.’”

“पुढे?”

“पुढे तुझ्या भावाच्या आवाजाचं कौतुक आहे. ते तो स्वतःच वाचेल, दहा वेळा.” आईनं कागद घडी करून बाजूला ठेवला. “दमली होतीस का गं?”

“नाही.”

“कंटाळली?”

“आई.”

“विचारते आपली. आईनं विचारलेलं बरं, परक्यानं छापण्यापेक्षा.”

बँडमध्ये तिला सगळे ताई म्हणत. गाता गाता गिटारही वाजवणाऱ्या धाकट्याची ती सख्खी ताई, बाकी दोघांची ओघानं. वय अडतीस. एका मोठ्या इस्पितळाच्या तळघरातल्या लाँड्रीत ती मेकॅनिक होती. चादरी, गाऊन, पडदे, ऑपरेशनचे हिरवे कपडे, असं सगळं तिथं धुतलं जाई आणि धुणारी सहा यंत्रं तिच्या ताब्यात होती. गिटारवाले मास्तर शाळेत भूमिती शिकवत. बेस गिटार वाजवणारा वायरमन खरोखरच वायरमन होता. चौघं नऊ वर्षं एकत्र वाजवत होते, आणि या नऊ वर्षांत ताईच्या लयीबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता.

त्याला कारण होतं. ‘ओला भार’ची काम करायची एक रीत होती, आणि ती जगात दुसऱ्या कुणाची असण्याची शक्यता कमीच. रविवारी सकाळी लाँड्री बंद असे. तेव्हा हे चौघं आपली वाद्यं घेऊन तळघरात उतरत आणि सहा नंबरचं जुनं यंत्र रिकामंच चालू करत. त्या यंत्राला सगळे म्हैस म्हणत. म्हैस मिनिटाला बावन्न फेरे घेई आणि प्रत्येक फेऱ्यात दोनदा धडाका देई. म्हणजे मिनिटाला एकशे चार ठोके. या ठोक्यांवर ताई वाजवे आणि ताईवर बाकीचे.

पहिल्या अल्बममध्ये म्हैस स्पष्ट ऐकू येत होती. लोकांना ते आवडलं, पण दोन-तीन जाणकारांनी ‘चमत्कृती’ असा शिक्का मारला. धाकट्याला तो शब्द जिव्हारी लागला. म्हणून दुसऱ्या अल्बमच्या वेळी ठरलं, की म्हैस फक्त कानाला लावलेल्या हेडफोनमध्ये वाजेल, ध्वनिमुद्रणात येणार नाही. सात गाणी, एक्केचाळीस मिनिटं, मध्ये कुठेही न थांबता, एका दमात. फेब्रुवारीतल्या एका रविवारी तीनदा वाजवून तिसरा प्रयत्न त्यांनी ठेवला. नंतर एकेक गाणं सुटंसुटं ऐकून होकार दिला. सलग एक्केचाळीस मिनिटं कुणी ऐकलंच नाही. आपलंच गाणं पुन्हापुन्हा ऐकणं म्हणजे आरशासमोर बसून जेवणं, असं मास्तर म्हणत, आणि ते सगळ्यांना पटलेलं होतं.

त्या शुक्रवारी कामावरून आल्यावर ताई हातपाय धुऊन टेबलाशी बसली. समोर अल्बम आणि स्टॉपवॉच. पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं आणि प्रत्येक गाण्याच्या सुरुवातीचं एक मिनिट मोजून अल्बमच्या पाकिटामागे लिहिलं. एकशे चार. एकशे दोन. शंभर. अठ्ठ्याण्णव. शहाण्णव. चौऱ्याण्णव. शेवटच्या, सातव्या गाण्याला ब्याण्णव.

आकडे बघून तिला रडू आलं नाही, रागही आला नाही. दमलेलं माणूस असं उतरत नाही, हे तिला लगेच कळलं. माणूस अडखळतो, सावरतो, पुन्हा घसरतो. इतकं सारखं, इतकं सरळ उतरतो तो फक्त सैल होत जाणारा पट्टा.

शनिवारी तिनं लाँड्रीतली देखभालीची वही उघडली. सहा नंबर यंत्र, फेब्रुवारीचा पहिला आठवडा: ‘मोटरचा पट्टा झिजला आहे. बदलणे सोमवारी.’ अक्षर तिचंच, सहीही तिचीच. पट्टा शुक्रवारीच बदलायला हवा होता. पण नवा पट्टा आठवडाभर कुरकुरतो आणि रविवारी ध्वनिमुद्रण होतं. म्हणून तिनं तीन दिवस ढकलले होते. झिजलेला पट्टा चालून चालून तापला, सैल झाला, घसरू लागला. म्हैस मंद होत गेली आणि ताई इमानानं तिच्या मागे मंद होत गेली. सोमवारी नवा पट्टा चढला, म्हैस पुन्हा एकशे चारवर आली, आणि कुणाला काही कळलं नाही.

रविवारी तिनं हे सगळं तिघांना सांगितलं. वही समोर ठेवली, पाकीटही ठेवलं.

मास्तरांनी आकडे पाहिले. “सरळ रेषा आहे गं ही. माझी मुलं पट्टी लावूनही इतकी सरळ काढत नाहीत.”

“कौतुक नंतर करा,” धाकटा म्हणाला. “नऊ वर्षं तू मला सांगतेस, की लय म्हणजे ताई. आणि ताई म्हणजे एक रबराचा तुकडा?”

“तू सगळ्यात जवळ उभा होतास. तुला कळलं?”

“मी गात होतो!”

“मीही वाजवतच होते.”

वायरमननं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. “भांडण घरी न्या. इथं गरम होतंय.”

पुढच्या दहा दिवसांत बाकीची मतं आली. एका रेडिओ कार्यक्रमात पहिलं आणि सातवं गाणं एकापाठोपाठ वाजवून निवेदक हसला. एका मासिकानं अल्बमला ‘अर्धा उत्कृष्ट’ म्हटलं, कुठला अर्धा ते सांगितलं नाही. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना चालायला शिकवणाऱ्या एका बाईंनी पत्र पाठवलं, की शेवटची तीन गाणी त्या कामावर लावतात, पाय आपोआप नीट पडतात. आणि एका तरुण चाहत्यानं लांबलचक लेख लिहून सिद्ध केलं, की हे उतरणं हेतुपुरस्सर आहे, अल्बमचं नावच ‘निथळ’ आहे, पाणी निथळताना धार अशीच बारीक होत जाते, आणि हे ज्याला कळलं नाही त्याला कान नाहीत.

हा लेख वाचूनच अल्बम काढणाऱ्या कंपनीच्या साहेबांनी चौघांना बोलावून घेतलं.

साहेब गोड बोलणारे होते. त्यांनी स्वतः उठून खिडकी लावली, म्हणजे रस्त्याचा आवाज येऊ नये. “दोन रस्ते आहेत. पहिला सोपा. हा मुलगा म्हणतोय तेच तुम्ही म्हणायचं. मुद्दाम केलं. मी एक मुलाखत ठरवून देतो, विषय संपला.”

“मुद्दाम केलं नव्हतं,” ताई म्हणाली.

“ते इथल्या पाच जणांनाच माहीत आहे.”

“पाच पुष्कळ झाले.”

साहेबांनी मान डोलावली, जणू हे उत्तर त्यांनी आधीच जमेला धरलं होतं. “मग दुसरा. दुसरी आवृत्ती काढू. संगणकावर लय सरळ करता येते. अगदी शेवटपर्यंत एकशे चार. ड्रम हवे तर दुसऱ्या कुणाकडून नव्यानं वाजवून घेऊ. ताई, राग मानू नका.”

“मानला नाही. पण हो म्हटलेलं नाही.”

“करारात लिहिलंय, की चौघांनी सही करून लेखी हरकत घेतली तर मी हात लावू शकत नाही. चौघांनी. तिघांनी नाही.” साहेब धाकट्याकडे बघून हे बोलले. त्यांना माणसं वाचता येत होती. “एकवीस तारखेपर्यंत सांगा. सोमवार, दुपारी बारा.”

जिना उतरताना धाकटा म्हणाला, “मला सरळ केलेलं ऐकायचंय. ऐकल्याशिवाय मी कशावरच सही करणार नाही. इकडेही नाही, तिकडेही नाही.”

“ऐक ना. कान तुझे आहेत.”

“आणि तू काय करणार?”

ताई पायरीवर थांबली. वीस तारखेला, रविवारी दुपारी चारला, नगरसभागृहात त्यांचा कार्यक्रम होता. अल्बम निघण्याआधीच ठरलेला. “मी वाजवणार. जसं छापलंय तसं. एकशे चारवरून ब्याण्णववर, एक्केचाळीस मिनिटांत. म्हशीशिवाय.”

“म्हणजे चूक पुन्हा करणार? मुद्दाम?”

“तेव्हा मुद्दाम केली नव्हती. आता करणार. लोकांनी जे विकत घेतलंय ते मला वाजवता येत नसेल, तर परीक्षणात लिहिलेलं खरं आहे. मग साहेब खुशाल दुसरा माणूस आणू देत.”

धाकट्यानं कपाळावर हात मारला. “हिच्या डोक्यात काही शिरलं की हातोड्यानंही निघत नाही.”

“आईचा गुण,” ताई म्हणाली, आणि बसथांब्याकडे चालू लागली.

त्याच संध्याकाळी तिनं वर्तमानपत्राला चार ओळी पाठवल्या. परीक्षणात लय मंदावल्याचं म्हटलं आहे, ते बरोबर आहे. कारण दमणं नाही, कंटाळाही नाही. आम्ही ज्या यंत्राच्या ठोक्यावर वाजवतो त्याचा पट्टा झिजला होता आणि तो वेळेवर बदलण्याची जबाबदारी माझी होती. पत्र मंगळवारी जसंच्या तसं छापून आलं. बुधवारी लाँड्रीच्या पर्यवेक्षकांनी तिला बोलावून विचारलं, की इस्पितळाची यंत्रं रविवारी रिकामी का फिरतात. म्हशीला कुलूप लागलं.

कुलूप लागण्याआधीच्या रविवारी वायरमनच्या डोक्यातून निघालेला एक प्रयोग करून झाला होता. जुना पट्टा कोठीत खिळ्याला लटकत होता. तोच पुन्हा चढवायचा, म्हणजे म्हैस स्वतःच शिकवेल, असं त्याचं म्हणणं. ताईनं चढवला. पट्टा नऊ मिनिटं चालला आणि तुटून भिंतीवर आदळला. वायरमन तोपर्यंत टेबलाखाली पोहोचलेला होता.

“गेला बिचारा,” तो खालूनच म्हणाला. “गुरू गेले. आता स्वाध्याय.”

कुलूप लागलं तेव्हा उरले होते सतरा दिवस. मास्तरांनी आलेखाच्या कागदावर रेषा काढून दिली. आडवी मिनिटं, उभे ठोके. ताईनं तो कागद स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटवला, पाटावर दोन घोंगड्या घडी करून ठेवल्या आणि काठ्यांनी त्यांच्यावर वाजवायला सुरुवात केली. कामावरून आल्यावर रोज दोनदा, सलग एक्केचाळीस मिनिटं. वेळ मोजायला आई. आई चाळीस वर्षं शिवणकाम करत आली होती. टीप सरळ आली की नाही, हे ती न बघता सांगे.

पहिले चार दिवस वाया गेले. ताई प्रत्येक गाण्याला दोन ठोके उतरत होती, आणि दर गाण्याला पायरी ऐकू येत होती.

“ठेच लागतेय,” आई म्हणाली.

मग तिनं मोजणं सोडून दिलं, तर उतार फार लवकर आला. पाचव्या गाण्यातच ब्याण्णव. पुढे काय करणार, वाजवणं बंद?

“तुझे वडील असेच चालायचे,” आई म्हणाली. “स्टेशनवरून झपाझप निघायचे आणि घर जवळ आलं की पाय जड. लोक म्हणायचे, माझ्यामुळे.”

“तुझ्यामुळेच असणार.”

“असेल. पण दारापर्यंत पोहोचायचे बरोबर. मध्येच कट्ट्यावर बसायचे नाहीत. तू चौथ्या गाण्यात बसतेस.”

ते खरं होतं. चौथं गाणं सगळ्यात लांब आणि मधला भाग जवळजवळ रिकामा. तिथे धरायला काही नव्हतं. बाराव्या दिवशी ताईला सापडलं ते असं, की मंद व्हायचं म्हटलं की हात मंद होतात आणि हात खोटं बोलतात. त्यापेक्षा काठी प्रत्येक वेळी केसभर जास्त वर उचलायची. जोर तोच, फक्त अंतर वाढत जायचं. चौदाव्या दिवशी आईनं घड्याळ दाखवलं: चाळीस मिनिटं बावन्न सेकंद. छापलेला अल्बम एक्केचाळीस मिनिटं आठ सेकंदांचा होता. सोळाव्या दिवशी एक्केचाळीस मिनिटं तीन सेकंद. ताईच्या उजव्या तळव्याला फोड आला होता. आईनं त्यावर शिवणाच्या पेटीतली पट्टी कापून बांधली आणि म्हणाली, “पुन्हा.”

मधल्या काळात कंपनीकडून सरळ केलेल्या सातव्या गाण्याचा नमुना आला. धाकट्यानं तो एकट्यानं ऐकला. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात सरावाला आला तेव्हा मास्तरांनी विचारलं, “कसं आहे?”

“सरळ आहे.”

“ते ठाऊक आहे. कसं आहे?”

“ड्रम झकास आहेत. एकदम घट्ट.” तो तारा लावत राहिला. “माझा आवाज मात्र कुणीतरी मागून ढकलतंय असा वाटतो. शेवटच्या ओळीआधी मी श्वास घेतलाय ना, तो त्यांनी कापलाय. बसत नव्हता म्हणे.”

“मग कर की सही,” वायरमन म्हणाला. ताई, मास्तर आणि तो, तिघांच्या सह्या झालेला हरकतीचा कागद गिटारच्या पेटीवर पडलेला होता.

“लोक तो कापलेला श्वास ऐकणार नाहीत. गाढव मात्र सगळ्यांनी ऐकलंय. बाजारात तोंड माझं दिसतं, तुमचं नाही.” त्यानं कागद उचलला, घडी केली आणि खिशात घातला. “रविवारनंतर बघू.”

ताईला त्याचं म्हणणं चूक वाटलं नाही. तिनं घोंगड्या उलगडून पुन्हा घडी केल्या आणि सुरुवात केली.

रविवारी सभागृहात चारशे खुर्च्यांपैकी दोनशे तीसेक भरल्या होत्या. चार वाजून सात मिनिटांनी पडदा उघडला. कुणी बोललं नाही, प्रस्तावना झाली नाही. ताईनं काठ्या एकमेकींवर चारदा आपटल्या आणि पहिलं गाणं एकशे चारवर निघालं.

तिसऱ्या गाण्यापर्यंत सगळं रेषेवर होतं. चौथ्या गाण्याच्या रिकाम्या भागात ती घसरली. नेमकी तिथेच, आईनं सांगितलेल्या कट्ट्यावर. तिला ते दोन ठोक्यांत कळलं. वेग वाढवून भरपाई केली असती तर सगळ्या सभागृहाला ऐकू गेलं असतं. तिनं तसं केलं नाही. आहे तिथेच लय धरून ठेवली, जवळजवळ दोन मिनिटं, जराही न उतरता, रेषा वरून येऊन आपल्याला मिळेपर्यंत. मास्तरांनी मान वळवून पाहिलं. धाकट्यानंही पाहिलं. मग उतार पुन्हा सुरू झाला.

पाचव्या गाण्याला काही माणसं उठून गेली. दारावरच्या माणसानं नंतर सांगितलं, अकरा. उरलेली हलली नाहीत. सातव्या गाण्यात शेवटच्या ओळीआधी धाकटा थांबला आणि त्यानं श्वास घेतला, ध्वनिमुद्रणात होता त्याहून लांब. ताईनं त्याच्यासाठी वाट पाहिली नाही. तिचा पुढचा ठोका जिथे पडायचा तिथेच पडला आणि ओळ त्याच्यावर अलगद उतरली. एकूण वेळ: एक्केचाळीस मिनिटं एकोणीस सेकंद. अकरा सेकंद जास्त.

टाळ्या वाजल्या. किती, यावर नंतर मतभेद झाले. वायरमनच्या मते दणकून, मास्तरांच्या मते बऱ्यापैकी.

वाद्यं उतरवत असताना परीक्षण लिहिणारे गृहस्थ मागे आले. पन्नाशीचे, हातात छत्री.

“तुमचं पत्र वाचलं,” ते म्हणाले. “मी लिहिलेलं मागे घ्यावं, अशी अपेक्षा आहे का?”

“नाही. तुम्ही ऐकलंत ते बरोबर होतं. कारण तेवढं चुकलं.”

“आणि आज?”

“आज कारण मी.”

त्यांनी छत्री दुसऱ्या हातात घेतली. “चौथ्या गाण्यात काहीतरी झालं.”

“झालं. अकरा सेकंद गेले.”

त्यांनी हे कुठे लिहून घेतलं नाही. पुन्हा लिहिणार का, हे तिनं विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. आईनं मात्र त्यांना वाटेत अडवून विचारलं, “गाढव म्हणालात ते तुम्हीच ना?” आणि उत्तराची वाट न बघता, “बरं झालं, आलात,” म्हणून पुढे गेली.

धाकटा सभागृहातून सगळ्यांच्या आधी निघाला. गिटार ताईच्या ताब्यात देऊन. कागदाचा विषय त्यानं काढला नाही, तिनंही नाही. घरी त्या रात्री तो जेवायला आला नाही.

सोमवारी सातला ताई कामावर होती. आठवड्याच्या सुट्टीचं धुणं तुंबलेलं होतं आणि दोन नंबरच्या यंत्राचं पाणी गळत होतं. दहा वाजता मास्तरांनी मधल्या सुट्टीत फोन केला: काही कळलं का? नाही. साडेदहाला कंपनीतून फोन आला. साहेब नव्हते, त्यांच्या कार्यालयातली बाई होती. हरकत अजून पोहोचलेली नाही, दुसऱ्या ड्रम वाजवणाऱ्याला दुपारी दोनची वेळ दिलेली आहे, माहितीसाठी सांगितलं. ताईनं धाकट्याला फोन लावला. वाजला, उचलला नाही. पुन्हा लावला नाही. तिनं दोन नंबरचं झाकण उघडलं आणि गळणारं रबर बदलायला घेतलं.

अकरा वाजून चाळीस मिनिटांनी वायरमनचा फोन आला. तो कंपनीसमोरच्या इमारतीत दिवे बसवत होता.

“तुझा भाऊ आत्ता पायऱ्या चढून आत गेला.”

“हातात कागद होता?”

“हातात काही नव्हतं. खिशातलं इथून दिसत नाही, ताई. शिडीवर आहे मी.”

“बरं. पडू नकोस.”

बाराला पाच कमी असेपर्यंत धाकटा बाहेर आलेला नव्हता.